जेल बसत नाही, की बसलेलं कळत नाही? प्रकाश देणाऱ्या रेणूंच्या प्रयोगात या चुका टाळा

रिसर्च पेपरमध्ये अशा जेलची कृती तीन ओळींची असते. पायरीन, पेरिलीन किंवा ऑलिगो-फेनिलीनव्हिनिलीनसारखा सपाट, प्रकाश देणारा गाभा घ्यायचा. त्याला लांब अल्किल शेपट्या जोडलेल्या असतात. तो सॉल्व्हंटमध्ये गरम करून विरघळवायचा आणि गार होऊ द्यायचा. गाभे एकमेकांवर रचले जातात, त्यांचे तंतू होतात, तंतूंचं जाळं सॉल्व्हंटला धरून ठेवतं. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली वायल (छोटी काचेची बाटली) उलटी धरली की आतलं जेल न सांडता चमकतं. फोटो तर फारच सुरेख येतो. तिरुवनंतपुरमला ए. अजयघोष यांच्या गटाने २००१ पासून फेनिलीनव्हिनिलीनची अशी जेल करून दाखवली आणि आपल्याकडे हा विषय रुजला.

नागपुरात तोच प्रयोग करताना मात्र एक तक्रार ठरलेली असते: "सर, रिपीट होऊन नाही राहिलं." फेब्रुवारीत बसलेलं जेल मे महिन्यात बसत नाही, जुलैत बसतं तर त्याचा रंगच वेगळा. रेणूची ओळख पटवणाऱ्या तपासण्या ठीक: एनएमआर स्वच्छ, मास बरोबर, वजन बरोबर. मग विद्यार्थी रेणू शुद्ध करायला पुन्हा कॉलमवर चढवतो आणि पंधरवडा घालवतो. बहुतेक वेळा दोष रेणूत नसतो. वायलमध्ये काय आहे ते वहीत लिहिलेलं असतं. ते तिथवर कसं पोहोचलं, किती अंशावरून, किती वेगाने, कोणत्या हवेत, हे लिहिलेलं नसतं. या पदार्थांचं सगळं वागणं त्या प्रवासावर ठरतं.

'आर.टी.' लिहून मोकळं होणं

वहीत "कूल्ड टू आर.टी." (खोलीच्या तापमानाला गार केलं) असं लिहिण्याची सवय सोडा. हे लिहिणाऱ्या युरोपातल्या प्रयोगशाळेत खोली वर्षभर वीस-बावीस अंशांवर असते. आपल्याकडे एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि डिसेंबरच्या पहाटे बाहेर तो दहाच्याही खाली उतरतो. समजा तुमच्या जेलचा वितळणबिंदू त्या सांद्रतेला ३८ अंश आहे. जानेवारीत ते दगडासारखं बसेल. नवतप्यात ते बसणारच नाही, आणि तुम्ही म्हणाल बॅच खराब आहे.

उपाय स्वस्त आहे. सर्क्युलेटर नसेल तर साध्या वॉटर बाथमध्ये थर्मामीटर ठेवून वायल २५ अंशांवर धरा आणि तो आकडा वहीत लिहा. त्याआधी जेलचा वितळणबिंदू सांद्रतेप्रमाणे कसा चढतो याचा एक आलेख काढून ठेवा. वायल बाथमध्ये उलटी धरून मिनिटाला एखादा अंश तापवायची, जेल घसरायला लागेल तो आकडा नोंदवायचा. हा आलेख हाताशी असेल तर "आज का बसलं नाही" या प्रश्नाचं अर्धं उत्तर प्रयोगाआधीच मिळतं.

उन्हाळ्याची दुसरी खोडी सॉल्व्हंटची. डायक्लोरोमिथेन ३९.६ अंशांना उकळतं आणि डायएथिल ईथर ३४.६ अंशांना. एसी बंद पडलेल्या खोलीत ईथरची बाटली उघडली की ते अक्षरशः उकळतं, आणि डायक्लोरोमिथेनमधला स्टॉक (करून ठेवलेलं मूळ द्रावण) दुपारपर्यंत आपोआप घट्ट होतो. क्लोरोफॉर्मचा उत्कलनबिंदू ६१ अंश असला तरी सैल बुचाच्या क्युव्हेटमधून (मोजणीच्या काचपेटीतून) तोही उडतो. स्टॉक वजनावर करा, वायलचं वजन लिहून ठेवा आणि वापरण्याआधी पुन्हा तोला. टेट्राहायड्रोफ्युरान आणि ईथर उष्णतेत, उजेडात, हवेत स्फोटक पेरॉक्साइड तयार करतात; जुनी बाटली पेरॉक्साइड पट्टीने तपासल्याशिवाय ऊर्ध्वपातनाला लावू नका. ही सूचना प्रयोग नीट व्हावा म्हणून नाही, बोटं शाबूत राहावीत म्हणून आहे.

हिवाळ्याची खोडी उलट आहे आणि तिने बरेच जण फसतात. डायमिथाइल सल्फॉक्साइड १८.५ अंशांना गोठतं. डिसेंबरात सकाळी येऊन बघावं तर वायल उलटी केली तरी काही हलत नाही. जेल! नाही बाप्पा, तो गोठलेला सॉल्व्हंट आहे. सायक्लोहेक्झेन साडेसहा अंशांना गोठतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्याचंही तेच. नुसत्या सॉल्व्हंटची एक वायल नेहमी शेजारी ठेवा.

कूलर लावून जेल गार करणं

हा खास आपल्याकडचा मुद्दा आहे आणि कोणत्याही पेपरात सापडणार नाही. एसी नसला की प्रयोगशाळेत कूलर येतो. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून. म्हणजे विदर्भाच्या कोरड्याठाक मे महिन्यात तुम्ही खोलीची हवा स्वतःच्या हाताने दमट करता. टेट्राहायड्रोफ्युरान आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड ओलावा पटकन ओढून घेतात. ज्या रेणूंची रचना अमाइड किंवा युरियाच्या हायड्रोजन बंधांवर उभी आहे, त्यांच्यात पाणी मध्येच हात घालतं.

अल्केनमध्ये पाणी विरघळतच नाही, मग मिथाइलसायक्लोहेक्झेनमध्ये काळजी कशाला, असं वाटू शकतं. तिथे तर जास्त काळजी हवी. तेलकट सॉल्व्हंटमध्ये पाण्याचे रेणू मोजकेच असतात, पण त्यांना बांधून घ्यायला कोणी नसतं. हायड्रोजन बंध देणारा तुमचा रेणू दिसला की ते त्याला चिकटतात. नेदरलँड्सच्या आइंडहोवनमधल्या गटाने २०१८ साली दाखवलं की अल्केनमधलं दशलक्षांश प्रमाणातलं पाणीसुद्धा रेणू रचून झालेल्या अशा साखळ्यांची रचना बदलून टाकतं. म्हणजे जुलैत नमुन्याचा रंग वेगळा आला तर आधी सॉल्व्हंटच्या बाटलीकडे बघा. ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) ठेवलेला आणि न ठेवलेला, अशा दोन्ही सॉल्व्हंटमध्ये एकाच दिवशी, एकाच स्टॉकमधून नमुने करा. फरक पडला तर चोर सापडला. माझा आग्रह सॉल्व्हंट सुकाच असावा असा नाही. जो असेल तो दरवेळी तसाच असावा, एवढंच.

क्लोरोफॉर्मचं आणखी एक गुपित लेबलवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. तो टिकावा म्हणून त्यात अर्धा ते एक टक्का इथेनॉल घालतात. काही बाटल्यांत त्याऐवजी अ‍ॅमिलीन असतं. तुमचा रेणू मायक्रोमोलर सांद्रतेत आणि इथेनॉल त्याच्या हजारो पट: हायड्रोजन बंधांसाठी स्पर्धा कोण जिंकणार ते उघड आहे. स्टोअरमधून यावेळी दुसऱ्या कंपनीची बाटली आली आणि जेल बसेना, अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हेच तपासा. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये तो टिकावा म्हणून घातलेलं बीएचटी २८० नॅनोमीटरच्या आसपास शोषण दाखवतं, ते मात्र निव्वळ स्पेक्ट्रमला (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश, या आलेखाला) त्रास देतं.

आणि कूलरच्या स्टँडवर, त्याच्या पंख्याच्या थरथरीत, जेल बसायला ठेवू नये. ही सूचना दरवर्षी नव्या मुलांना द्यावी लागते.

बर्फात बुचकळायचं की हळूहळू गार करायचं

कोणीतरी घाईत गरम वायल बर्फात बुडवतो, कोणी टेबलावर ठेवून चहाला जातो. दोघांचा रेणू एक, सांद्रता एक, शेवटचं तापमान एक. जेल दोन. आइंडहोवनच्याच गटाने २०१२ साली फेनिलीनव्हिनिलीनच्या एका कायरल (डावा-उजवा भेद असलेल्या) रेणूवर हे फार नीट मोजलं: एकच रेणू दोन विरुद्ध पिळांच्या साखळ्या करतो, एक लवकर बनते पण कमी स्थिर असते, दुसरी उशिरा बनते पण टिकते. लवकर बनणारी साखळी मोकळे रेणू अडवून ठेवते आणि त्यामुळे टिकणाऱ्या साखळीला आणखीच उशीर होतो. झटकन गार केलंत तर पहिल्या वाटेवर अडकता.

म्हणून गार करण्याचा वेग हा प्रयोगाचा भाग आहे. पेल्टिअर होल्डर (विजेने तापमान राखणारा) असेल तर मिनिटाला १ अंश ठेवा. नसेल तर गरम पाण्याच्या मोठ्या बीकरमध्ये वायल सोडा आणि बीकरसकट गार होऊ द्या. मोठं पाणी सावकाश गार होतं आणि दरवेळी साधारण तसंच होतं. स्पेक्ट्रम लगेच घ्या, तासाने घ्या, दुसऱ्या दिवशी घ्या, आठवड्याने घ्या. आकृती सरकत असेल तर तुम्ही मधल्या वाटेवर मोजत होता.

"परत गरम करून बघितलं, तरी तसंच" असं कोणी म्हणालं की माझा प्रश्न ठरलेला असतो: किती गरम? नमुना स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. ज्या तापमानाला शोषणाचा स्पेक्ट्रम सुट्या रेणूच्या स्पेक्ट्रमशी तंतोतंत जुळतो, त्याच्याही थोडं वर जायला हवं. नाहीतर शिल्लक राहिलेले बारीक तुकडे बीजासारखे वागतात आणि पुढचं सगळं जुन्याच रचनेत वाढतं. ज्यांची वाढ आधी केंद्रक, मग साखळी अशा क्रमाने होते, त्यांच्यात तापवतानाचा आणि गार करतानाचा आलेख अनेकदा एकमेकांवर बसत नाहीत. ही मशिनची चूक नव्हे, तीच खरी माहिती आहे. अशा रेणूंसाठी धूळ आणि वायलवरचे ओरखडेसुद्धा बीजाचं काम करतात. नवी वायल वापरा.

चमकलं म्हणजे जुळलं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण दिव्याखाली डोळा फसतो.

१९५४ साली फर्स्टर आणि कास्पर यांनी पायरीनचं द्रावण घट्ट केलं की त्याचा मूळ प्रकाश मंदावतो आणि त्याजागी लांब तरंगलांबीचा पसरट पट्टा येतो, हे नोंदवलं. सुट्या पायरीनचा प्रकाश ३७५ ते ३९५ नॅनोमीटरच्या टोकदार शिखरांत असतो, एक्सायमरचा (उत्तेजित जोडीचा) ४७० च्या आसपास गुळगुळीत डोंगरासारखा. बहुतेक सपाट गाभे रचले गेले की असेच मंदावतात. उलट बाजूचे रेणूही आहेत. हाँगकाँगमध्ये बेन झाँग टँग यांच्या गटाला सायलोल या रेणूचे ठिपके टीएलसी प्लेटवर (रेणू वेगळे करून बघायच्या पट्टीवर) ओले असताना निस्तेज आणि सुकल्यावर झगझगीत दिसले. २००१ साली त्यांनी त्याला अ‍ॅग्रिगेशन-इंड्यूस्ड एमिशन, म्हणजे एआयई, म्हटलं. टेट्राफेनिलएथिलीनसारख्या रेणूंची फेनिल वलयं मोकळी असताना फिरत राहतात आणि ऊर्जा उष्णतेत उडवतात. दाटीत ती अडकतात आणि प्रकाश बाहेर पडतो. तुमचा रेणू कोणत्या जातीचा आहे हे आधी ठरवा, त्यासाठी टीएलसी प्लेट ओली आणि सुकी बघणं ही आजही सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

पण चमक वाढली म्हणजे शिस्तीत रचना झाली असं नाही. एआयई रेणू वेडावाकडा गोळा झाला तरी चमकतो. टेट्राहायड्रोफ्युरान आणि पाण्याच्या प्रसिद्ध प्रयोगात पाण्याचं प्रमाण वाढवत जातात आणि प्रकाश चढतो. त्यात रेणूची अंतिम सांद्रता प्रत्येक नमुन्यात एकच हवी, आणि पाणी थेंबाथेंबाने ढवळत घालायला हवं. दोन्ही एकत्र येताना तापमान बदलतं, म्हणून मोजण्याआधी तापमान स्थिर होऊ द्या. सुरुवातीला चमक चढण्याऐवजी उतरली तर घाबरू नका: एका बाजूला इलेक्ट्रॉन देणारा आणि दुसऱ्या बाजूला घेणारा गट असलेले रेणू ध्रुवीय सॉल्व्हंटमध्ये मंदावतात, ते आधी होतं आणि दाटीचा परिणाम मागाहून. एकदा ग्लिसरॉलमध्येही मोजा. तिथे रेणू सुटा असूनही चिकटपणामुळे वलयं अडतात. तिथेही चमकला तर वलयांचं अडणंच कारणीभूत आहे याला बळ मिळतं.

आता एक हिशेब करा. शोषणगुणांक ५०,००० धरला तर १० मायक्रोमोलर द्रावणाचं शोषण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.५ येतं. जेल मात्र मिलिमोलरमध्ये बसतं. १ मिलिमोलर जेल त्याच क्युव्हेटमध्ये भरलं तर शोषण ५० होईल. कोणतंही मशिन ते मोजू शकत नाही. पडद्यावर दिसणारा सपाट माथा म्हणजे डिटेक्टरची शरणागती आहे. आणि पातळ करून मोजावं तर जेलच सुटून जातं. ०.१ मिलिमीटरची सेल घ्या, म्हणजे त्याच जेलचं शोषण पुन्हा ०.५ होतं. फ्लुओरेसन्ससाठी (परत येणाऱ्या प्रकाशासाठी) समोरून मोजण्याची मांडणी घ्या. काटकोनात मोजलंत तर आतला प्रकाश वाटेतच पुन्हा शोषला जातो, निळी बाजू कापली जाते आणि शिखर लाल बाजूला सरकल्यासारखं दिसतं. या कापलेल्या शिखरावर "जे-अ‍ॅग्रिगेट" असं लिहिलेले प्रबंध काही थोडेथोडके नाहीत.

जे-अ‍ॅग्रिगेट ही नेमकी गोष्ट आहे: रेणू एकामागे एक सरकून रचले गेलेले. शायबे आणि जेली यांनी १९३६ साली सायनाइन रंगात पाहिला तो शोषणाचा पट्टा लाल बाजूला सरकलेला तर होताच, पण अरुंद आणि टोकदार होता, आणि फ्लुओरेसन्स त्याला जवळजवळ चिकटून होता. पसरट, लांब सरकलेलं एमिशन एक्सायमरचं असण्याची शक्यता जास्त. एक्सायटेशन स्पेक्ट्रम (कोणत्या प्रकाशाने चमकतं) आणि लाइफटाइम (चमक किती काळ टिकते) घेतल्याशिवाय दोहोंपैकी काहीही लिहू नये.

भुताटकी शिखरंही ओळखून ठेवा. ३३० नॅनोमीटरने उत्तेजित केलंत तर ६६० ला दिसणारी सुई तुमच्या रेणूची नाही, ती यंत्रातल्या ग्रेटिंगच्या (रंग वेगळे करणाऱ्या जाळीच्या) दुसऱ्या क्रमाची आहे. ३५० ने उत्तेजित केलेल्या पाण्यात ३९७ च्या आसपास एक छोटा उंचवटा येतो. तो पाण्याचा रामन, म्हणजे पाण्याने विखुरलेला प्रकाश. उत्तेजनाची तरंगलांबी १० नॅनोमीटरने हलवा: जे शिखर सोबत हलतं ते रेणूचं नाही. गढूळ नमुन्यात शोषणाचा स्पेक्ट्रम शून्यावर न येता लांबलचक शेपूट दाखवतो, ते विखुरणं आहे, नवा शोषणपट्टा नव्हे.

क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशातला किती परत येतो ते) काढायला सल्फ्युरिक आम्लातलं क्विनिन सल्फेट चालतं, पण फक्त पातळ, स्वच्छ द्रावणासाठी; आम्ल म्हणून हायड्रोक्लोरिक घेतलंत तर क्लोराइड क्विनिनचा प्रकाशच विझवतं. जेलसाठी इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळीकडचा प्रकाश गोळा करणारा गोल) लागतो, दुसरा मार्ग नाही.

दिव्याखाली विसरलेली वायल

फोटोसाठी यूव्ही दिवा लावून कॅमेरा शोधायला जाऊ नका. फेनिलीनव्हिनिलीनचे दुहेरी बंध सिस (वाकड्या) रूपात वळतात आणि रचना ढासळते. अँथ्रासीन जोडीने बांधलं जातं. टेट्राफेनिलएथिलीन हवेत फेनँथ्रीनकडे जाऊ शकतं. खिडकीतलं ऊनही पुरेसं असतं. फॉइल गुंडाळा. पायरीनचा सुटा प्रकाश दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे विरघळलेला ऑक्सिजन त्याला विझवतो. नायट्रोजन सोडून मोजा, किंवा निदान दरवेळी सारखंच मोजा.

उलटी वायल आणि सुकलेला नमुना

वायल उलटी करून न सांडणं म्हणजे जेल, हे पुरेसं नाही. स्फटिकांच्या लगद्यात अडकलेला सॉल्व्हंटही सांडत नाही, घट्ट सिरपही पाच मिनिटं सांडत नाही. ऱ्हिओमीटरवर साठवण मापांक (लवचीकपणा) व्यय मापांकापेक्षा (वाहतेपणापेक्षा) स्पष्टपणे वर असला आणि वारंवारिता बदलली तरी फारसा हलला नाही, तर जेल म्हणा.

एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो सुकलेल्या नमुन्याचा असतो, आणि सुकताना सांद्रता शेवटी प्रचंड वाढते. पातळ द्रावणात जे तंतू नव्हतेच, ते काचेवर सुकताना तयार होऊ शकतात. त्यावर सोन्याचा लेप दिला की पाच-दहा नॅनोमीटरचा तंतू दुप्पट जाड दिसतो. जाडी लिहायची असेल तर एएफएमवरून (सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावरून) उंची मोजा. डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणारं तंत्र) तंतूंची लांबी देत नाही, ते गोळा समजून व्यास देतं. आपल्या विद्यापीठात फॉस्फरवर, म्हणजे अकार्बनी प्रकाशक पदार्थांवर, बरंच काम झालं आहे. तिकडून आलेल्या विद्यार्थ्याला पावडरचं एक्सआरडी (क्ष-किरणांनी रचना ओळखणं) म्हणजे पदार्थाचं आधार कार्ड वाटतं. इथे सुकवलेल्या जेलचं एक्सआरडी ओल्या जेलबद्दल फार थोडं सांगतं. ओलाच नमुना लहान कोनाच्या विखुरणाला (किरण किती विखुरतात त्यावरून रचना काढण्याला) लावावा लागतो.

पोलराइझिंग मायक्रोस्कोपखाली रंगीत नक्षी दिसली की लगेच द्रव स्फटिक (वाहता, तरी शिस्तीत रचलेला पदार्थ) म्हणण्याचा मोहही आवरा. सपाट चकत्यांसारख्या रेणूंचे स्तंभ द्रव स्फटिक होऊ शकतात, हे शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी सदाशिव आणि सुरेश यांच्यासोबत १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत दाखवलं. हे चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी., ही गोष्ट इथल्या विद्यार्थ्यांना क्वचितच कोणी सांगतं. तर, नक्षी साध्या स्फटिकालाही असते. कव्हर स्लिप सुईने हळूच दाबा: नक्षी वाहिली तर द्रव स्फटिक, तडकली तर स्फटिक. मग डीएससीशी (तापवतानाच्या उष्णतेच्या मोजणीशी) ताळा घाला.

नमुना बाहेरगावी पाठवताना

लहान कोनाचं विखुरण किंवा क्रायो-टीईएम (गोठवलेल्या नमुन्याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो) नागपुरात झालं नाही तर नमुना बाहेर जातो. उन्हाळ्यात तयार जेल पाठवू नका. कुरिअरच्या गाडीत ते वितळतं, रात्री कुठल्यातरी वेगाने पुन्हा बसतं आणि मोजणाऱ्याच्या हातात तिसराच पदार्थ पडतो. कोरडी पावडर पाठवा. ज्वालाग्राही सॉल्व्हंट तिथलाच घ्यायला सांगा, पण कंपनी, ग्रेड आणि त्यात कोणता स्टॅबिलायझर हवा ते लिहून द्या. सोबत एका कागदावर किती अंशांपर्यंत तापवायचं, मिनिटाला किती अंशांनी गार करायचं, किती तास थांबायचं आणि स्पेक्ट्रम कोणत्या आकाराचा आला तर नमुना मोजायला घ्यायचा, हे लिहा. शक्य असेल तर तुमच्या विद्यार्थ्यालाच रात्रीच्या गाडीने पाठवा.